पहिला नांगर कोणी घ्यायचा?

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नव्या यंत्राच्या पहिल्या दोन वर्षांबाबत.

मा. मंत्रिमहोदय,



मी ३१ वर्षे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे लोकांच्या भाषेत आयटीआयमध्ये, शिल्प निदेशक होतो. फिटर आणि टर्नर हे माझे विषय. संस्था आपल्याच खात्याची, त्यामुळे आपले माझे नाते जुने आहे. आता निवृत्त होऊन पलूस तालुक्यात राहतो. संध्याकाळी फिरायला निघालो की पाय किर्लोस्करवाडीच्या स्टेशनाकडे वळतात. हे पत्र तिथल्या बाकावर बसून मनात जुळत गेले.

ते टपालाने न पाठवता उघडपणे लिहितो आहे. विनंती आपल्याला असली तरी बोलणे आणखी बऱ्याच जणांशी आहे. निवड समित्यांवर बसणारे, बांधावर उभे राहून नव्या यंत्राकडे बघत मान हलवणारे आणि रात्री बारा वाजता दुकानाचे शटर अर्धे ओढून वेल्डिंग करत बसलेले, अशा सगळ्यांनी ते वाचावे असे मला वाटते.

ज्या स्टेशनाचे मी म्हणतो, त्याचे नाव पूर्वी कुंडल रोड होते. १९१० साली त्याच्या शेजारी नुसता माळ होता. निवडुंग, दगड आणि साप. त्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर आपली यंत्रे, कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन आले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. स्टेशनाचेच नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. पण मला आज पुढचे सांगायचे नाही, आधीचे सांगायचे आहे. बेळगावात लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा पहिला नांगर विकला जायला त्यांना दोन वर्षे लागली.

दोन वर्षे म्हणजे काय, हे कारखान्यात काम केलेल्या माणसाला विचारावे. ओतशाळेची भट्टी पेटवायची तर कोळसा लागतो. साचे करणाऱ्याला मजुरी लागते. शनिवारी पगार द्यावा लागतो. माल तयार होऊन भिंतीला टेकून उभा असतो. येणारा जाणारा त्याच्याकडे बघतो, वाकून हात लावतो, आणि निघून जातो. या दोन वर्षांवर कोणी पोवाडा रचत नाही, कारण त्यांत घडत काहीच नाही. तरी एका माणसाला त्यातला प्रत्येक दिवस काढावा लागतो.

नांगर का घेत नव्हते? शेतकऱ्यांचे म्हणणे असे की लोखंडाने जमिनीला विष होते. मीही वर्गात ही गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली, आणि सगळे सांगतात तशीच सांगितली. एका बाजूला अडाणी शेतकरी, दुसऱ्या बाजूला द्रष्टा कारखानदार. मुले हसायची. आज मला त्या हसण्याची खंत वाटते, कारण गोष्ट तशी नव्हती.

१७९७ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये चार्ल्स न्यूबोल्ड या माणसाने ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथले शेतकरीही हेच म्हणाले, की लोखंडाने जमीन नासते आणि तण माजते. मधे शंभर वर्षे आणि सात समुद्र, तरी तक्रार एकच. तेव्हा हा आपल्या मातीचा अडाणीपणा नव्हे. माणसे तेच बोलत असतील, तर त्यामागे काहीतरी खरे असले पाहिजे.

ते खरे काय होते, ते नांगराच्या बांधणीत सापडते. न्यूबोल्डच्या नांगराचा फाळ आणि माती पलटणारा पंख एकाच ओतकामात केलेला होता. ओतीव लोखंड कठीण असते, पण ठिसूळही असते. खडकाला आपटून टोक तुटले की सगळा नांगर गेला. पुढे १८१९ साली जेथ्रो वूड याने सुट्या भागांच्या नांगराचे पेटंट घेतले. जो भाग झिजेल किंवा तुटेल तेवढाच बदलायचा. तो नांगर शेतकऱ्यांनी घेतला. मग विषाचे काय झाले? लोखंड तेच होते आणि जमीनही तीच. प्रश्न विषाचा नव्हताच. प्रश्न होता, हे मोडले तर माझे काय.

आपल्याकडचा हिशेब याहून सरळ होता. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, बाभळीचा. त्याचे बलुते ठरलेले. खोड फुटले तर दुसऱ्या दिवशी तोच नवे बसवायचा. फाळ बोथट झाला तर लोहार शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार लावून, द्यायचा. घरातले बैल, गावातले कारागीर, सुगीला द्यायचे धान्य. रोख पैसा त्यात कुठेच नाही. लोखंडी नांगराला मात्र रोख रक्कम मोजायची, आणि ऐन नांगरटीत तो मोडला तर तो दुरुस्त करणारा माणूस पंचक्रोशीत नाही. उन्हाळी नांगरट चुकली की हरळी आणि कुंदा हे तण वर्षभर छळणार. वर्ष हातचे गेले तर सावकार. हे सगळे शेतकरी एका वाक्यात कसे सांगणार? तो म्हणाला, लोखंडाने जमिनीला विष होते.

मंत्रिमहोदय, शंकेचे दोन भाग असतात. एक ती बोलून दाखवते तो, आणि एक ती मनात धरते तो. बोलून दाखवलेला भाग पुष्कळदा चुकीचा असतो, कधी हास्यास्पदही असतो. मनातला भाग बहुतेक वेळा एकच असतो, की नुकसान झाले तर ते कोणाचे? ज्याला हा मनातला प्रश्न ऐकू येतो आणि जो त्याचे उत्तर स्वतःच्या अंगावर घेतो, त्याला मी पुढारी म्हणतो. नुसते दूरचे दिसणारे पुष्कळ असतात.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगावकडच्या गुर्लहोसूर गावातला. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणराव चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकलेचा रस्ता तिथेच बंद झाला. त्यांनी यंत्रांची रेखाटने करायला घेतली, ती इतकी चांगली की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवू लागले. इंजिनिअरची पदवी त्यांच्याकडे नव्हती. परदेशी पुस्तके आणि मासिके वाचून, यंत्रे उघडून, जोडून ते शिकले. नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो इंडियन माणसाला दिली गेली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा यांच्याकडे गेले. तिथे दोघांचे सायकलींचे दुकान होते.

त्या सायकलच्या दुकानाचा मला फार आदर वाटतो. लोकांनी कधी न पाहिलेली वस्तू विकायची तर आधी लोकांना तिच्यावर बसायला शिकवावे लागते. किर्लोस्कर बंधू सायकल विकत आणि ती चालवायलाही शिकवत. पडणाऱ्याला सावरणारा हात हा त्या मालाचाच एक भाग होता. पुढे नांगराच्या वेळी जी चिकाटी दिसली, तिचे शिक्षण त्यांना इथेच मिळाले असावे असे मला वाटते.

नांगराआधी त्यांनी कडबा कापायचे यंत्र काढले. त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. अख्खा कडबा टाकला तर गुरे पाला खातात आणि बुडखे तुडवतात. बारीक करून टाकला तर दावणीत काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात पुरावा तयार. नांगराचा पुरावा मात्र दुसऱ्या दिवशी मिळत नाही. लाकडी नांगर माती उकरतो आणि दोन तासांच्या, म्हणजे नांगराच्या दोन ओळींच्या, मध्ये न नांगरलेली पट्टी सोडतो. लोखंडी नांगराचा पंख मातीचा थर कापून उलटा टाकतो. तणाच्या मुळ्या उन्हात येऊन वाळतात. पण हे खरे झाले की नाही, ते पाऊस पडून पीक उभे राहिल्यावर कळते. काही नव्या वस्तूंना सिद्ध व्हायला एक रात्र लागते, काहींना दोन हंगाम. दोन्हींना एकाच घड्याळाने मोजणे हा अन्याय आहे, आणि तो आज आपण करतो आहोत.

चिकाटीबद्दल मला आणखी एक सांगायचे आहे, कारण या शब्दाची अलीकडे फार भलावण होते. जो तो तरुणांना सांगतो, हार मानू नका. लक्ष्मणरावांनी हार मानली होती. शर्टाच्या गुंड्या करण्याचा उद्योग त्यांनी करून पाहिला. परदेशी मालाने भाव पाडले, टिकाव लागेना, तेव्हा त्यांनी तो सोडला. गुंड्या सोडणारा आणि नांगर न सोडणारा माणूस एकच आहे. फरक कुठे होता?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. गुंड्यांच्या बाबतीत अडचण त्यांच्या हातातली नव्हती. दुसरा कोणी तीच गुंडी स्वस्त देत होता, आणि गुंडी कितीही घासली तरी तो भाव उतरवता येत नव्हता. नांगराच्या बाबतीत प्रत्येक हरकत यंत्रशाळेत नेता येण्यासारखी होती. फाळ लवकर झिजतो? ओतताना साच्यात धातूची चकती बसवून लोखंड झटपट थंड केले तर पृष्ठभाग कठीण होतो. फार कठीण झाला आणि तुटतो? मग मिश्रण बदला. जड होतो? कुठे जाडी कमी करता येईल ते बघा. चिकाटी कुठे धरायची याची ही कसोटी मी माझ्या विद्यार्थ्यांना देत आलो आहे. तुमच्या यंत्रावरची हरकत कागदावर लिहा. ती वाचून ड्रॉइंगमध्ये काही बदलता येत असेल तर चालू ठेवा. काहीच बदलता येत नसेल तर सोडा, आणि सोडल्याची लाज बाळगू नका.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. लक्ष्मणरावांची चिकाटी मोठी होती, पण ती एकटी पुरली नसती. बेळगावच्या नगरपालिकेचा हुकूम आला आणि त्यांना कारखान्याची जागा सोडावी लागली. चाळिशीतला माणूस, पाठीशी कामगारांचे संसार, आणि जायला जागा नाही. त्या वेळी औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना ३२ एकर माळ आणि १०,००० रुपयांचे कर्ज दिले. औंध म्हणजे बडोदे किंवा ग्वाल्हेर नव्हे. अवघ्या ७२ गावांचे, दुष्काळी टापूतले, विखुरलेले संस्थान. त्या खजिन्याला १०,००० रुपये ही काही किरकोळ रक्कम नव्हती. पंतांना ओतकाम येत नव्हते. बाजारपेठेचा अहवाल त्यांच्यापुढे नव्हता. त्यांना एक माणूस दिसला, त्याचे काम दिसले, आणि त्यांनी जोखमीचा एक वाटा स्वतःकडे घेतला.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, ही आठवण आमच्या भागात अजून सांगितली जाते. ज्या तोफांनी कधी शेते तुडवली असतील, त्यांचे फाळ होऊन ती शेते नांगरली गेली. मला यात कवितेपेक्षा कारभार जास्त दिसतो. राज्याकडे पडून असलेली वस्तू ज्याला गरज आहे त्याच्या हातात वेळेवर पोचवणे, यालाच कारभार म्हणतात.

आणि मिळालेला विश्वास लक्ष्मणरावांनी आपल्यापाशी साठवून ठेवला नाही, तो पुढे वाटला. त्यांच्याभोवतीची माणसे बघा. रामूअण्णा इंजिनिअर नव्हते, त्यांनी वसाहत उभी केली. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक यंत्रज्ञ झाले. शंभोअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, हे कोणी मोठ्या पदव्या घेऊन आलेले नव्हते. दरोड्यांसाठी शिक्षा भोगलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीला ठेवले, आणि ती माणसे विश्वासाला उतरली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा त्यांचा दंडक होता, आणि तो त्या काळी. ज्याच्यावर जगाने दोन वर्षे शंका घेतली, त्याने दुसऱ्यावर शंका घेताना हात आखडता घेतला. नेतृत्व म्हणजे काय हे मला पुस्तकांपेक्षा या एका वस्तुस्थितीने शिकवले.

मंत्रिमहोदय, आता आजचे सांगतो.

माझा एक विद्यार्थी आहे. त्याचे नाव इथे देत नाही, त्याला ते आवडणार नाही. येरळेच्या काठी त्याचे घर, घरची हळद. आयटीआय करून त्याने वेल्डिंगचे दुकान टाकले. आमच्या सांगली भागात हळदीची काढणी हे कंबर मोडणारे काम आहे. पाला कापायचा, कुदळीने गड्डे उकरायचे, माती झाडायची, हळकुंडे वेगळी करायची. या कामाला माणसे मिळत नाहीत, आणि जी मिळतात त्यांत बहुतेक बायका असतात. त्याच्या आईची पाठ त्यात गेली. त्याने छोट्या ट्रॅक्टरला मागे जोडता येईल असे काढणीचे अवजार बनवले. पहिले, दुसरे, तिसरे. मी दर हंगामात बघायला जायचो.

शेतकरी त्याला काय म्हणाले? कोणी म्हणाले, लोखंड लागले की हळदीचा रंग उतरतो. मला हसू आले नाही, मला बेळगाव आठवले. मी त्याला म्हणालो, ते रंग म्हणतात, त्यांच्या मनात काय आहे ते विचार. त्याने एका शेतकऱ्याला शांतपणे विचारले. तो म्हणाला, "अरे, गड्डा कापला गेला तर बेण्याला काय ठेवू?" हे खरे होते. जेठा गड्डा पुढच्या वर्षीचे बेणे असतो. त्याला पाते लागले की तो कुजतो. मग पोराने पात्यांच्या जागी दाते बसवले, दात्यांचा कोन बदलला, खोली वाढवली. आणि त्या शेतकऱ्याला म्हणाला, "अर्धा एकर द्या. जेवढे गड्डे कापले जातील तेवढ्याचे पैसे मी भरतो." संध्याकाळी दोघांनी पाटीत कापलेले गड्डे मोजले. त्याने पैसे भरले. पुढच्या वर्षी त्याच शेतकऱ्याने एक एकर दिला.

मी हे पाहिले आणि मला वाटले, या मुलाला आता कोणीतरी हात दिला पाहिजे. मीच त्याला नवउद्योगांच्या एका निवडीला जायला लावले. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. समितीने त्याला विचारले, बाजारपेठ किती कोटींची आहे? पाच वर्षांत किती यंत्रे विकाल? तुमच्या चमूत व्यवस्थापन शिकलेले कोण आहे? सादरीकरण इंग्रजीत का नाही? यंत्र कुठे आहे, हे कोणी विचारले नाही. गड्डे किती कापले जातात, हेही कोणी विचारले नाही. सात मिनिटांत तो बाहेर आला. आठवड्याने निरोप आला, निवड झाली नाही. कारण दिले नव्हते. शेतकऱ्याने घेतलेल्या शंकेतून त्याला दात्यांचा कोन मिळाला होता. या शंकेतून त्याला काहीच मिळाले नाही.

त्या समितीवर माझा राग नाही. त्यांच्या हाती जनतेचा पैसा आहे आणि यंत्र घेऊन येणारा प्रत्येक जण लक्ष्मणराव नसतो, हे मला ठाऊक आहे. मीच कितीतरी मुलांना सांगितले आहे की बाबा, हे चालणार नाही. पण चालणार नाही हे शेतात कळू द्या, टेबलावर ठरवू नका. शेतात नापास झालेले यंत्रसुद्धा काहीतरी शिकवून जाते. टेबलावर नापास झालेल्या यंत्राची फक्त फाइल होते.

आपले खाते निवडक नवउद्योगांना सरकारी विभागांत प्रत्यक्ष काम करून दाखवण्यासाठी कार्यादेश देते, हे मी कौतुकाने वाचले आहे. यातला विचार अचूक आहे. सरकारने नुसते बक्षीस न देता पहिले गिऱ्हाईक व्हावे, हाच तो विचार. माझे मागणे एवढेच आहे की हा विचार लोखंडाच्या, लाकडाच्या, मातीच्या कामापर्यंत आणि तालुक्याच्या दुकानापर्यंत यावा. त्यासाठी चार गोष्टी सुचवतो. यांतल्या एकीलाही मोठा खजिना लागत नाही.

पहिली गोष्ट जागेची. कृषी खात्याची तालुका बीजगुणन केंद्रे आहेत. नव्या अवजाराच्या चाचणीसाठी तिथे एकेक एकर दोन हंगाम राखून ठेवावा. आणि आपल्या आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी बंद असतात. लेथ, मिलिंग, ग्राइंडर झाकून ठेवलेले असतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या गावातल्या कारागिरांना उघड्या कराव्यात. देखरेखीला आमच्यासारखे निवृत्त निदेशक येतील. मानधनाची अट कोणी घालणार नाही, हे मी माझ्यापुरते लिहून देतो.

दुसरी गोष्ट नुकसानीची. पहिल्या शेतकऱ्याचा धोका सरकारने उचलावा. माझ्या विद्यार्थ्याने कापलेल्या गड्ड्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. तो भरू शकला कारण शेत अर्धा एकर होते. दहा एकरांची चाचणी घ्यायची तर तो कुठून भरणार? चाचणीत पिकाचे नुकसान झाले तर पंचनामा करून भरपाई मिळेल, एवढी हमी दिली की बांधावरची निम्मी शंका विरघळेल.

तिसरी गोष्ट समितीची. प्रत्येक निवड समितीवर ते यंत्र वापरणारा एक माणूस आणि ते हाताने बनवू शकणारा एक माणूस असावा. मुलाखत मराठीत व्हावी. यंत्र जिथे उभे आहे तिथे जाऊन ते बघावे. आणि नकार द्यायचा असेल तर कारण लिहून द्यावे, असे कारण की जे वाचून त्याला ड्रॉइंग दुरुस्त करता येईल. कारण नसलेला नकार माणसाला कडवट करतो. कारण असलेला नकार त्याला पुन्हा कामाला लावतो.

चौथी गोष्ट वेळेची. शेतीच्या अवजाराला दोन हंगाम द्या, आणि त्या दोन हंगामांत विक्रीचा आकडा मागू नका. मागायचे असेल तर दुरुस्त्यांची वही मागा. कोणी काय तक्रार केली, त्यावर काय बदल केला, बदलल्यावर काय झाले. ज्याची वही भरलेली असेल तो पुढे जाईल. ज्याची कोरी असेल त्याचा हट्ट आहे, चिकाटी नाही.

आता थोडे त्या शटर अर्धे ओढून बसलेल्या माझ्या मुलांशी. बाळांनो, तुमच्यावर कोणी शंका घेतली की तुम्ही दुखावता. मला समजते. रात्र रात्र जागून केलेल्या वस्तूला कोणी एका वाक्यात मोडीत काढले की पोटात खड्डा पडतो. पण त्या वाक्याशी भांडू नका. ते वाक्य आपल्या भाषेत करून घ्या. विष म्हणाला तर विचारा, मोडले तर कुठे न्यायचे ही भीती आहे का? रंग म्हणाला तर विचारा, बेण्याची काळजी आहे का? शंका घेणारा तुमचा पहिला निदेशक आहे, आणि तो फी घेत नाही.

आणि बांधावरच्या माझ्या भावांनो, बहिणींनो, तुम्ही शंका जरूर घ्या. तुमचे वर्ष पणाला लागते, तो हक्क तुमचाच. फक्त शंका घेतल्यावर निघून जाऊ नका. थोडा वेळ उभे राहा आणि काय झाले तर तुम्ही ते घ्याल, तेही सांगा. बेळगावच्या त्या नांगराला अखेर कोणीतरी पहिला शेतकरी मिळालाच ना. त्याच्या घरी त्या रात्री काय बोलणे झाले असेल, बायकोने काय विचारले असेल, शेजारी काय म्हणाले असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल तिकीट निघाले. त्या शेतकऱ्याचे तिकीट कुठे निघाले नाही. पण दोन वर्षांची ती कोंडी त्याने फोडली. धैर्य दोघांचे होते.

१९२० साली किर्लोस्करवाडीहून लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, आणि पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' मासिक झाले. नांगराच्या कारखान्यातून मराठी घराघरांत नवे विचार गेले. म्हणजे एका राजाने दिलेल्या ३२ एकरांत नुसते लोखंड ओतले गेले नाही, वाचकही घडले. दिलेल्या विश्वासाचे पीक कुठल्या शेतात येईल, हे पेरताना सांगता येत नाही. समितीच्या रकान्यात ते मावणार नाही. म्हणून तर विश्वास देण्याचे काम राज्याने करायचे असते, कारण राज्याला पन्नास वर्षे थांबता येते. वेल्डिंगच्या दुकानाला महिनाअखेरही थांबता येत नाही.

मंत्रिमहोदय, पंतप्रतिनिधींच्या जागी आज आपण आहात. आपले राज्य ७२ गावांचे नाही, फार मोठे आहे. माळही पुष्कळ पडले आहेत. माझी विनंती एकच आहे. महाराष्ट्रात जो कोणी प्रामाणिकपणे पहिला नांगर ओतून बसला असेल, त्याला दोन वर्षे भिंतीकडे बघत बसू देऊ नका. पहिला नांगर सरकारने घ्यावा.

हळदीची काढणी आमच्याकडे जानेवारीच्या पुढे सुरू होते. या हंगामात माझ्या विद्यार्थ्याला दोन एकर मिळाले आहेत. आपण यावे. पुष्पगुच्छ, मंडप काही असणार नाही. सकाळी अवजार फिरेल, दुपारी बायका हळकुंडे मोडायला बसतील, संध्याकाळी कापलेले गड्डे मोजायचे. पाटी मी घेऊन येईन. मोजणी आपण करा, आणि मग काय ते ठरवा.



आपला नम्र,
एक निवृत्त शिल्प निदेशक
तालुका पलूस, जिल्हा सांगली